मैदानातली धाव आखाड्यात

1937 साली फुटबॉलच्या ऐन हंगामात अमेरिकेतला एक माणूस तीन आठवड्यांत फुटबॉलचे पाच सामने खेळला, आणि त्याच तीन आठवड्यांत आठ शहरांत आठ कुस्त्याही लढला. पोर्टलंड, व्हँकुव्हर, सिअ‍ॅटल, फिनिक्स, लॉस एंजेलिस, ओकलंड, सॉल्ट लेक सिटी आणि फिलाडेल्फिया ही ती शहरं. मुलांचा शाळेचा नकाशा घेऊन त्यावर बोट फिरवून बघा. सात गावं पश्चिमेकडची, आठवं थेट अटलांटिकच्या बाजूला, आणि ज्या संघाकडून तो फुटबॉल खेळत होता तो मधोमध, शिकागोत. जेट विमानं अजून यायची होती. अंगावर रोज नव्या मारांच्या खुणा घेऊन हा माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला जात होता. आणि तो कोणी हौशी भिडू नव्हता. त्या वेळी कुस्तीतला जागतिक अजिंक्यपदाचा पट्टा त्याच्याच कमरेला होता.

त्याचं नाव ब्राँको नागुर्स्की.

आमचं नेर परसोपंत अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथे फुटबॉलच्या गप्पा फारशा होत नाहीत. दंगल म्हटलं की मात्र आजही माणसं वावरातलं काम लवकर आटोपतात, आणि टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूईतला ‘स्पिअर’ कसा मारतात ते दहा वर्षांचं पोरगंही गादीवर उडी टाकून दाखवतं. गोल्डबर्ग, द रॉक, रोमन रेन्स ही नावं त्या पोराला तोंडपाठ असतात. पण या तिघांनीही सुरुवात फुटबॉलमध्ये केली, हे बहुतेकांना माहीत नसतं. गोल्डबर्ग अटलांटा फाल्कन्सकडून खेळला. रॉक मायामी विद्यापीठाच्या 1991च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता. रोमन रेन्स जॉर्जिया टेककडून खेळून व्यावसायिक संघांच्या दारापर्यंत पोचला होता. हा योगायोग नाही. त्याच्यामागे जवळपास शंभर वर्षांची वाट आहे, आणि त्या वाटेचे दोन फाटे हिंदुस्थानात येऊन मिळतात.

आधी एक खुलासा करायला हवा. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतला चेंडू लांबट, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त असतो. एकाने तो पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्या अकरा जणांनी त्याला जमिनीवर लोळवायचं, असा तो मामला. लोळवण्याच्या त्या कृतीला टॅकल म्हणतात. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळचं काही असेल तर कबड्डीतली पकड. फरक इतकाच की तिथे पळणारा आणि पकडणारा दोघंही पूर्ण वेगात असतात.

नागुर्स्कीचा जन्म 3 नोव्हेंबर 1908चा, कॅनडातल्या रेनी रिव्हर गावचा. आईवडील युक्रेनमधून आलेले. पुढे कुटुंब सीमा ओलांडून मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्स या गावात स्थिरावलं. अमेरिकेतल्या सगळ्यांत थंड गावांत त्याची गणना होते. त्याच्याबद्दल एक दंतकथा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मिनेसोटा विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉक स्पिअर्स नवे खेळाडू शोधत खेड्यापाड्यांतून फिरत होते. शेतात एक तरणाबांड पोरगा नांगरत होता. त्याला त्यांनी रस्ता विचारला. पोराने नांगर एका हाताने उचलला आणि त्यानेच दिशा दाखवली. स्पिअर्सनी तिथल्या तिथे त्याला पसंत केलं.

ही गोष्ट रचलेली आहे हे उघड आहे, पण मला ती फार आवडते. नांगर जमिनीतून उपसून बांधावर ठेवताना कमरेत काय होतं ते ज्याने अनुभवलंय, त्याला ती गोष्ट रचणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते लगेच कळतं. हात आणि दंड तर सगळेच बघतात. नांगर उचलायला कंबर आणि पाठ लागते, आणि नागुर्स्कीचं सगळं भांडवल तिथेच होतं.

उंची सहा फूट दोन इंच, वजन शंभर किलोच्या थोडं वर. आज हे ऐकून कोणी भुवई उंचावणार नाही, पण त्या काळी चेंडू घेऊन पळणारा गडी इतका जड नसायचा. इतक्या वजनाचे लोक आघाडीला उभे राहून धक्के द्यायचे आणि झेलायचे. नागुर्स्की दोन्ही कामं करी. 1929 साली देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंची निवड झाली, तेव्हा त्याचं नाव दोन जागांसाठी आलं. फुलबॅक म्हणून, म्हणजे चेंडू घेऊन घुसणारा, आणि टॅकल म्हणून, म्हणजे घुसणाऱ्याला अडवणारा. फिरकी गोलंदाज आणि यष्टिरक्षक अशा दोन्ही जागांवर एकाच माणसाची निवड व्हावी, इतकं ते नवल होतं.

1930मध्ये तो शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघात गेला. तिथल्या मैदानाची एक बाजू विटांच्या भिंतीला भिडलेली होती. एकदा तो चेंडू घेऊन आडवे आलेले सगळे पाडत सरळ भिंतीवर जाऊन आदळला, आणि उठल्यावर म्हणाला की शेवटचा गडी जरा जोरदार होता, असं सांगतात. हीसुद्धा दंतकथाच. मात्र 18 डिसेंबर 1932चा सामना खरा आहे. शिकागोत इतकं बर्फ पडलं की अंतिम लढत बंदिस्त सभागृहात घ्यावी लागली. तिथे आदल्या आठवड्यात सर्कस झालेली, तिची माती अजून पसरलेलीच होती. पूर्ण मैदान मावेना म्हणून लांबी 80 यार्डांवर आणली. त्या मातीत नागुर्स्की पळण्याचा आव आणून थबकला आणि त्याने चेंडू रेड ग्रेंजकडे फेकला. बेअर्स 9-0 जिंकले. ही फेक नियमाला धरून आहे की नाही यावर वाद पेटला, आणि दुसऱ्या वर्षी नियमच बदलला. फेकण्याच्या जागेवरचं बंधन सैल झालं. आज अमेरिकन फुटबॉल जो हवेतून खेळला जातो, त्याला त्या सर्कशीच्या मातीचाही हातभार आहे.

मग एवढा मोठा खेळाडू कुस्तीत का गेला? पोटासाठी. 1930 साली बेअर्सनी त्याला हंगामाचे 5,000 डॉलर दिले. मंदी आली, आणि 1932पर्यंत तो आकडा 3,700 वर घसरला. खेळ वाढत होता, नाव वाढत होतं आणि पगार कमी होत होता. 1933मध्ये तो व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. 1937चा हंगाम संपल्यावर त्याने 6,500 डॉलर मागितले. मालक जॉर्ज हॅलास 6,000च्या वर जाईनात. पाचशे डॉलरवरून त्या काळातला सगळ्यांत दणकट फुलबॅक फुटबॉल सोडून निघून गेला. कुस्तीत त्याला याहून जास्त मिळत होते.

पण त्याच्यासाठी कुस्तीचं दार उघडलं कोणी? त्यासाठी आणखी मागे जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कुस्ती तासन्‌तास चाले. दोन मल्ल एकमेकांना जखडून गादीवर पडून राहत आणि प्रेक्षक जांभया देत. धंदा बसायला लागला तेव्हा एड ‘स्ट्रँगलर’ लुईस हा जगज्जेता, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी मिळून कुस्तीचा खेळ केला. वेळ कमी, डाव झटपट, आणि निकाल आधी ठरवलेला. आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात तीच, पण रीतसर व्यवसाय म्हणून. तिकिटं खपायला नवे चेहरे हवे होते, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या ताऱ्यांना हजारो लोक आधीपासून ओळखत होते.

पहिला मान मिळाला वेन मन्नला. हा नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉलपटू, साडेसहा फुटांचा. 8 जानेवारी 1925ला कॅन्सस सिटीत त्याने लुईसला उचलून रिंगणाबाहेर फेकलं आणि तो जगज्जेता झाला. ठरलेलं होतं तसंच घडलं. अडचण एवढीच होती की मन्नला खरी कुस्ती येत नव्हती. 15 एप्रिलला फिलाडेल्फियात त्याच्यासमोर पोलंडचा जुना जाणता मल्ल स्टॅनिस्लॉस झ्बिश्को उभा राहिला. त्याने हरायचं, असं ठरलं होतं. झ्बिश्को आतून दुसऱ्या गटाला मिळालेला होता. त्याने ठरलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि मन्नला खरोखर चीत केलं, पुन्हा पुन्हा. साडेसहा फुटांचा देह, पण खाली पडल्यावर काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. कब्जा घेतलेल्या पहिलवानाच्या खाली कसं बसायचं, मान कशी राखायची हे तालमीतल्या चौदा वर्षांच्या पोराला येतं. मन्नला ते येत नव्हतं.

इथे पहिला फाटा आपल्याकडे वळतो. हा झ्बिश्को म्हणजे 1910 साली लंडनमध्ये आपल्या गामा पहिलवानाशी लढलेला तोच. तेव्हा त्याने अडीच तासांहून जास्त वेळ जमिनीला चिकटून राहत कुस्ती बरोबरीत सोडवली होती आणि पुढच्या आठवड्यातल्या फेरलढतीला तो आलाच नाही. मन्नला लोळवल्यानंतर तीन वर्षांनी, 1928मध्ये, पतियाळाच्या महाराजांनी त्याला बोलावून पुन्हा गामापुढे उभं केलं. पन्नाशीला टेकलेला झ्बिश्को मिनिटभरातच आस्मान बघत होता. फुटबॉलमधून आलेल्या पहिल्या जगज्जेत्याला ज्याने उघडं पाडलं, त्याला गामाने मातीत हात लावला न लावला तोच चीत केलं. दोन खेळांत आणि दोन खंडांत ताकदीची खरी उतरंड कशी होती, याचा इतका स्वच्छ हिशेब क्वचितच मिळतो.

मन्नच्या फजितीनंतर हा प्रयोग बंद पडायला हवा होता. पडला नाही, कारण गस सोननबर्ग आला. हा उंचीने बेताचाच, बसका आणि भरीव. 1928 साली व्यावसायिक फुटबॉलचं विजेतेपद मिळवणाऱ्या प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर संघातला. 4 जानेवारी 1929ला बोस्टनमध्ये त्याने लुईसला हरवलं, आणि ज्या डावाने हरवलं तो डाव कुस्तीत कोणी पाहिलाच नव्हता. तो लांबून पळत येऊन डोकं आणि खांदा पुढे करून समोरच्याच्या पोटात शिरायचा. फ्लाइंग टॅकल.

हा डाव जरा जवळून बघू, कारण आपल्या दुहेरी पटाशी त्याचं नातं आहे आणि फरकही आहे. पहिलवान दुहेरी पट घालतो तेव्हा आधी खडाखडी होते, हात झटकले जातात, प्रतिस्पर्ध्याचं वजन टाचांवर गेलं की तो खाली बुडतो. त्याचं डोकं बरगडीच्या बाजूला दाबून असतं, खांदा कमरेच्या खाली टेकतो आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मागे जाऊन आवळतात. मग खांदा पुढे जातो, हात मागे येतात, आणि समोरच्याचे पाय त्याच्या धडाखालून निघतात. इथे वेग फक्त शेवटच्या वीतभर अंतरात असतो, बाकी सगळी वेळ साधण्याची कला.

सोननबर्गने वीतभराचं अंतर पाच-सहा पावलांचं केलं. समजा शंभर किलोचा माणूस सेकंदाला सहा मीटर वेगाने येतोय. त्या धावेत जी ऊर्जा साठते, ती क्विंटलभर कापूस पुरुषभर उंच उचलायला लागेल एवढी असते. ती सगळी थांबायला जागा किती? उभ्या माणसाच्या पोटाची, चार-सहा बोटं. धावणाऱ्याने पायांना मिठी नाही मारली तरी चालतं, कारण समोरच्याचं शरीर मागे फेकलं जाताना पाय तिथेच राहतात. फुटबॉलच्या मैदानात अंगावर संरक्षक कवचं असतात, इथे दोघेही उघडे. धडक देणाऱ्यालाही तेवढाच मार बसतो. आणि समोरचा ऐनवेळी बाजूला सरकला तर धावणारा दोरांतून थेट खुर्च्यांमध्ये जाऊन पडतो. सोननबर्गच्या बाबतीत हे व्हायचं, आणि लोक त्यासाठीही तिकीट काढायचे.

गोल्डबर्ग आणि रोमन रेन्सचा ‘स्पिअर’ याच घराण्यातला आहे. नेरमधलं पोरगं गादीवर जी उडी टाकतं, तिचं मूळ बोस्टनच्या त्या जानेवारीतल्या रात्री सापडतं.

म्हणजे नागुर्स्की आला तेव्हा वाट मळलेली होती. त्याचा व्यवस्थापक होता मिनिॲपोलिसचा टोनी स्टेकर. झ्बिश्कोने मन्नकडून हिसकावलेला पट्टा महिन्या-दीड महिन्यात ज्याला दिला, त्या जो स्टेकरचा हा भाऊ. 29 जून 1937ला मिनिॲपोलिसमध्ये डीन डेटनला हरवून नागुर्स्की जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात जिम लाँडोसने तो मान काढून घेतला. 23 जून 1939ला ह्यूस्टनमध्ये नागुर्स्कीने आणखी एका जागतिक पट्ट्यासाठी एका तेवीस वर्षांच्या मल्लाला हरवलं. त्या मल्लाचं नाव लू थेझ.

थेझ हा पुढे अमेरिकन कुस्तीतल्या अस्सल कसबी मल्लांमधला शिरोमणी मानला गेला. आणि 29 मे 1968 रोजी, मुंबईत, बावन्न वर्षांच्या याच थेझला दारासिंगांनी हरवलं आणि ते विश्वविजेते म्हणून गाजले. आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या पिढीला ती कुस्ती तोंडपाठ होती. हा दुसरा फाटा. मिनेसोटातल्या एका फुलबॅकपासून मुंबईच्या दारासिंगांपर्यंत मधे फक्त एकच माणूस उभा आहे.

आता हे सगळं नाटक होतं, असं कोणी म्हणेल. निकाल बहुतेक ठरलेले असत हे खरंच आहे. पण शंभर किलोचा माणूस दुसऱ्या शंभर किलोच्या माणसावर आपटतो तेव्हा जमीन त्याला सवलत देत नाही. नागुर्स्कीने हे काम पंचवीसेक वर्षं केलं. उतारवयात संधिवाताने त्याला जेरीला आणलं. निकाल लिहून ठेवता येतो, गुडघ्यांची झीज लिहून ठेवता येत नाही. म्हणून त्याच्या या कुस्त्यांना खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉल आणि कुस्ती यांची गाठ कुठे पडत असेल, असं कुतूहल वाटलं तर कोल्हापूरकडे बघावं. शाहू महाराजांनी 1912मध्ये उभारलेलं खासबाग मैदान तिथलंच. पण त्याच शहरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की भिडणाऱ्या संघांची नावं असतात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. जिथे दंड-बैठका घातल्या त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, आणि पेठेपेठेतली ईर्षा मातीतून हिरवळीवर गेली. अमेरिकेत मैदानातला खेळाडू आखाड्यात शिरला; कोल्हापुरात आखाडाच मैदानात उतरला. माझ्या मते आपलं हे नवल त्यांच्यापेक्षा कमी नाही, फक्त आपण त्याकडे नवल म्हणून बघत नाही. आणि गोल चेंडूच्या फुटबॉलमधून कुस्तीत जाणारेही आहेत. जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा माजी गोलरक्षक टिम विझे 3 नोव्हेंबर 2016ला म्युनिकमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात उतरला होता.

नागुर्स्कीची फुटबॉलची गोष्ट मात्र 1937ला संपली नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, तरणी पोरं सैन्यात गेली, संघांना माणसं मिळेनात. 1943मध्ये बेअर्सनी सहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या नागुर्स्कीला परत बोलावलं. वय पस्तीस, अंगावर दहा वर्षांच्या कुस्त्यांचा मार. त्याला आघाडीला, टॅकलच्या जागी उभं केलं. हंगामाच्या शेवटी त्याला पुन्हा फुलबॅक म्हणून चेंडू हातात दिला. 26 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्ध तो चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, आणि बेअर्स 41-21 असे जिंकले. मग तो पुन्हा कुस्तीकडे वळला.

निवृत्त झाल्यावर त्याने इंटरनॅशनल फॉल्समध्ये पेट्रोल पंप चालवला. तो गाडीच्या टाकीचं झाकण इतकं घट्ट आवळायचा की दुसऱ्या कोणाला ते उघडता यायचं नाही, आणि गिऱ्हाईकाला पुढच्या वेळी त्याच्याचकडे यावं लागायचं, अशी तिथल्या गावकऱ्यांची आवडती कथा आहे. 1963 साली अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचं मानवंदना-सभागृह उघडलं, तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं. 7 जानेवारी 1990ला तो गेला. 1993पासून महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम बचावपटूला त्याच्या नावाचा पुरस्कार देतात.

आपल्या भागातल्या वाचकांना एक सांगणं आहे. गावात कबड्डीत पकड चांगली बसणारं किंवा फुटबॉलच्या मागे वेड्यासारखं पळणारं पोर असेल, तर त्याला एकदा तालमीत नेऊन वस्तादांसमोर उभं करा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914पासून तरुणांना खेळ शिकवत आलंय, आणि ते नेरहून फार लांबही नाही. पोरात धाव असेलच. पट घालताना डोकं कुठे ठेवायचं आणि खाली आल्यावर मान कशी राखायची, हे मात्र त्याला आधी शिकवा. वेन मन्नला ते कोणी शिकवलं नव्हतं.